सगळ्यांना एकसारखी पेटी

खरेदीखात्याचे साहेब, तुम्ही लाच खात नाही हे मला मान्य आहे. लाच खाणारा निदान तोंड उघडून काय हवं ते सांगतो. तुम्ही सांगत नाही. तुम्ही "कशाला, कशाला?" म्हणता, दोन्ही हात मागे घेता आणि टेबलाचा खण गुडघ्याने हळूच पुढे ढकलता. त्या उघड्या खणात काय पडावं, यावरून एका कुलपं करणाऱ्या घरात भाऊ भावावर ओरडला, बायको नवऱ्यावर उलटली आणि घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईला स्वयंपाकघरात कोंडण्यात आलं. याचा आरोप मी सरळ तुमच्यावर ठेवतो. नाकारायचा असेल तर त्या रविवारचं आधी ऐका.

फोन आला तेव्हा थोरले बैठकीच्या खोलीत एकटेच होते. कपाटवाल्या कंपनीच्या खरेदीच्या साहेबांचा आवाज कानावर पडताच ते खुर्चीतून उठून उभे राहिले. फोनवर कोणी बघत नसतं, पण साहेबांशी बसून बोलायची त्यांच्या अंगाला सवयच नव्हती.

"हो साहेब. हो साहेब. हो... काय म्हणता? एकाच चावीने? हो साहेब. घरी येताय? हो साहेब."

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण चप्पल न घालता जिन्यापर्यंत आलो आहोत. खाली कारखाना. रविवारची सुट्टी, मशिनं बंद. तरी पितळेवर कानस घासल्याचा खर्र खर्र आवाज येत होता, कारण धाकटा भाऊ रविवारीही खालीच असायचा. त्याला घरात आणि बाजारात सगळे कानस म्हणत. हातात कायम तीच असायची आणि जिभेलाही तिचीच धार होती.

"कानस! वर ये."

"हातात काम आहे."

"ते उद्या हातात राहील की नाही, त्यासाठीच बोलावतोय."

खर्र खर्र थांबली. जिना चढून येईपर्यंत बाकीचं घरही गोळा झालं. आपल्या नवऱ्याचा "हो साहेब" नेहमीपेक्षा एक सूर वर गेला की काहीतरी बिनसलं, हे थोरल्या वहिनींना भिंतीपलीकडून कळायचं. त्यांचा मुलगा शिकून परत आला तेव्हापासून दिसेल त्या वस्तूला रिबीन बांधत सुटला होता, म्हणून त्याचं नावच रिबीन पडलं होतं. तोही आला. आणि आत्या आल्या. म्हणजे या दोन भावांची मोठी बहीण. कारखान्यातून बाहेर पडणारं प्रत्येक कुलूप त्या उघडून आणि लावून बघत. बोलण्यात मात्र त्या फक्त उघडत.

"भेटीच्या पेट्यांना सगळ्यांना एकच चावी लागते?" थोरल्यांनी विचारलं.

"चाव्या वेगवेगळ्या आहेत," कानसने पितळेचा भुगा विजारीला पुसत सांगितलं. "दात एकसारखे आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे तू सांगितलंस तसं."

"मी सांगितलं?"

"याच खुर्चीत बसून. 'सगळ्यांना एकसारखं. केसाइतका फरक दिसता कामा नये.'"

"मी पेटीबद्दल बोलत होतो!"

"पेटीला कुलूप असतं, दादा. आपण कुलपं करतो. कधीमधी खाली आलास तर दिसतीलसुद्धा."

आत्या खुदकन हसल्या. थोरल्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी हसू पदराआड न्यायचं नाटकही केलं नाही.

आता थोरल्यांचंही खोटं नव्हतं. गेल्या वर्षी त्यांनी साहेबांना नाव कोरलेलं भारीतलं पेन दिलं होतं आणि त्यांच्या हाताखालच्या उपसाहेबांना प्रवासाची बॅग. बॅग स्वस्तातली होती, पण आकाराने मोठी. साहेबांनी ती ऑफिसच्या दारातून जाताना पाहिली आणि त्यानंतर कितीतरी दिवस या घराची कुलपं कंपनीच्या फाटकावर उन्हात पडून राहिली. माल उतरवून घ्यायचा, तर सही साहेबांची लागते, आणि साहेबांच्या पेनात शाई नव्हती. म्हणून यंदा थोरल्यांनी ठरवलं, की साहेब, उपसाहेब, क्वालिटीच्या मॅडम, हिशेबनीस, सगळ्यांना एकसारखी पेटी द्यायची. आपल्याच कारखान्यातली, पोलादी, टेबलावर शोभेल अशी छोटी, कुलपाची. आपल्या हातचं काम, म्हणजे आपुलकीही दिसेल. हे शेवटचं रिबीन म्हणाला होता, आणि रिबीनही त्यानेच बांधली होती.

"हे बघ," थोरले म्हणाले, "ती कंपनी गेली तर आपली कुलपं कोण घेणार? सगळी भिस्त त्यांच्यावर. हे काम हातचं गेलं, तर मी सांगून ठेवतो, खालची बाकडी मी विकणार. कुलपं बाहेरून तयार घेऊ, आपला शिक्का मारू आणि विकू."

"काका, आजकाल सगळे तसंच करतात," रिबीन म्हणाला. "बनवणं म्हणजे डोकेदुखी. आपण फक्त नाव विकायचं."

कानसचा भुगा पुसणारा हात थांबला. आणि तो थांबला, तेव्हा खोलीतल्या सगळ्यांना कळलं, की वार बरोबर बसला.

त्याच्या मनात काय चाललं होतं ते सांगतो. पेट्या करायला सांगितल्या तेव्हा त्याच्या बाकड्यावर कपाटांची खरी कुलपं होती, प्रत्येकाचे दात वेगळे, प्रत्येकावर जीव लावलेला. ती बाजूला सारून साहेबांसाठी खेळणी कर, असा हुकूम झाला. त्याला राग आला. रागात तो दुसरं काहीच करत नसे, फक्त सांगितलेलं तंतोतंत करायचा. एकसारखं म्हणालास ना? घे एकसारखं. त्यातून काही बिघडेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नाही. ज्याची पेटी, तो त्याच्या चावीने उघडणार. दुसऱ्याच्या पेटीला चावी लावून बघतो कोण? लहानपणापासून तो कुलपांत वाढला होता आणि हा प्रश्न त्याने कोणाला विचारलाही नव्हता. उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे असं तो धरून चालला होता. आता बाकडं जाणार होतं. त्या बाकड्याशिवाय आपण सकाळी उठून कुठे जायचं, हे त्याला सुचेना.

"भावजींनी मुद्दामच केलं," वहिनी नवऱ्याच्या बाजूने म्हणाल्या. "तुमच्या चांगुलपणाचा फायदा घेतात सगळे."

"वहिनी, पेट्यांना रंग कुठला द्यायचा ते तुम्ही ठरवलंत. तोही एकसारखाच दिलाय."

"रंग छानच होता!"

"पुरे," थोरले म्हणाले. "साहेब येतायत. झालं गेलं विसरायला लावायचं, तर समोर काहीतरी चांगलं ठेवावं लागेल. एकट्या साहेबांसाठी. मोठं, आणि आजच्या आज." त्यांची नजर खोलीभर फिरली. टीव्हीवर गेली, जुना. घड्याळावर गेली, बंद. आणि मग कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन थांबली. तिथे कॉफीचं यंत्र होतं. नवंकोरं, चकचकीत, कालच खोक्यातून काढलेलं.

वहिनींनी नवऱ्याची नजर पाहिली आणि त्या हळूच यंत्र आणि नवरा यांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या.

"अहो. नाही हं."

"अगं, दुसरं आणू."

"कधी? लग्न झाल्यापासून 'दुसरं आणू' ऐकतेय. घरातलं पहिलंच अजून आलेलं नाही. हे तरी तुम्ही आणलंत का? पितळवाल्याने आणून दिलं."

"तेच सांगतोय. फुकटच आलंय."

"पितळवाल्याने आपल्याला का दिलं?"

"संबंध चांगले राहावेत म्हणून."

"आणि तुम्ही मागच्या महिन्यात त्याचं पितळ वाकडं निघालं तरी परत पाठवलं नाहीत."

ही गोष्ट कानसला माहीत नव्हती. वाकड्या पितळेशी महिनाभर तोच झगडत होता.

"त्या पितळेसाठी मी मशीन दोनदा खोललं!" तो ओरडला. "मला वाटलं माझा हात बिघडला!"

"हे बघ, व्यवहारात असं—"

"म्हणजे तू कॉफी प्यायलास आणि मी पितळ खाल्लं!"

"अजून प्यायलोही नाही!" थोरले म्हणाले, आणि ही सबब काही कामाची नाही हे त्यांचं त्यांनाच कळलं. "रिबीन, यंत्र बांध. ताई, तू आत जा."

"मी कशाला आत?" आत्या म्हणाल्या.

"आठवतंय ना मागच्या वेळी काय झालं?"

सगळ्यांना आठवत होतं. आधीचे साहेब असेच घरी आले होते, सत्कार चालला होता, आणि आत्यांनी चहा देता देता अगदी मायेने विचारलं होतं, "साहेब, तुमच्याकडे पगार होत नाहीत का हो?" त्या साहेबांची बदली होईपर्यंत कंपनीकडून एक खिळासुद्धा मागवला गेला नव्हता.

"काही बोलणार नाही मी."

"तू मागच्या वेळीही हेच म्हणाली होतीस." थोरल्यांनी बहिणीला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, दार ओढलं आणि बाहेरून किल्ली फिरवली. वडिलांच्या हातचं कुलूप ते. टक् असा एकच आवाज झाला. किल्ली त्यांनी दारातच राहू दिली आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदा समाधान दिसलं. आतून आत्यांचा आवाज आला, "अरे, चहा तरी मीच करते ना इथे! साखर कमी घालू का, साहेबांना आधीच गोड सवयी आहेत?"

वहिनी यंत्राजवळच उभ्या होत्या. रिबीन त्यावर लाल फीत गुंडाळत होता आणि त्यांना आपल्या पोरालाच एक ठेवून द्यावीशी वाटत होती. त्या यंत्राला दुधाचा फेस काढायची नळी होती. काल अख्खा दिवस त्यांनी माहितीपुस्तक वाचण्यात घालवला होता. अजून एकदाही फेस काढला नव्हता.

साहेब आले. हातात पिशवी, पिशवीत त्यांची भेटीची पेटी, कपाळावर घाम. बसायला सांगितलं तर "बसायला आलो नाही" म्हणाले आणि बसले. बिस्किटं पुढे केली तर "कशाला, कशाला?" म्हणाले आणि बशी मांडीवर घेतली.

"विश्वास," साहेब म्हणाले, "विश्वासावर धंदा चालतो. तुम्ही कुलपं करता. आमच्या कपाटांना तुमचं कुलूप लागतं. लोक त्यात दागिने ठेवतात, कागद ठेवतात. आणि तुम्ही आम्हाला भेट म्हणून काय देता? असल्या पेट्या! माझी चावी घेतली, हिशेबनिसाच्या पेटीला लावली. टक्, उघडली!"

"हो साहेब," थोरले म्हणाले.

"कपाटांची कुलपं तशी नाहीत," कानस म्हणाला. "त्यातल्या एकाची चावी दुसऱ्याला लागत नाही. आत्ता खाली चला, दाखवतो."

"मला काय माहीत? उद्या मी वर जाणार. वरच्यांना सांगणार, की कुलूपवाला बदला."

कानस भिंतीला टेकला. त्याचे हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

वहिनी चहा आणायला उठल्या. स्वयंपाकघराची किल्ली फिरवली, आत गेल्या. आत्या ओट्याशी कपांची रांग लावून बसल्या होत्या.

"वन्सं," वहिनी कपांकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "माझे दोन्ही हात ट्रेमध्ये अडकलेत. जाताना दार काही लावता येणार नाही मला."

आत्यांनी भावजयीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या दोघींचं एकदाही एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. मिठावरसुद्धा नाही.

"यंत्र?" आत्यांनी विचारलं.

"फीतसुद्धा बांधली," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी ट्रे उचलला.

बाहेर साहेब आता रंगात आले होते. राग थोडा ओसरला की माणसाला बोलायला गोडी येते, आणि साहेबांना तर सांगण्यासारखं बरंच होतं.

"तुम्हाला कल्पना नाही, काय काय निघालं त्या पेट्यांतून. हिशेबनीस! आमच्यासमोर बिनसाखरेचा चहा पितो, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणतो. पेटीत काय? चॉकलेटं! आणि चॉकलेटाची चांदीही नीट गुंडाळून ठेवतो लेकाचा, पुन्हा पुन्हा वास घ्यायला."

"अरेरे," रिबीन म्हणाला.

"क्वालिटीच्या मॅडम! माझं पेन. तुम्ही गेल्या वर्षी दिलेलं, माझं नाव कोरलेलं. मी सगळं ऑफिस पालथं घातलं, शिपायावर ओरडलो. कुठे होतं? मॅडमच्या पेटीत. मखमलीत."

"म्हणजे जपून ठेवलं होतं," वहिनी चहा ठेवत म्हणाल्या.

"आणि उपसाहेब!" इथे साहेबांचा आवाज खरोखर कापला. त्यांनी बिस्कीट खाली ठेवलं. "उपसाहेबाच्या पेटीत पडद्याच्या कापडाचा नमुना. मी म्हटलं, घराचा असेल. मग उलगडून बघितला. कडेला पिनेने माप लावलेलं. माझ्या केबिनच्या खिडकीचं माप, हो! मी अजून त्या केबिनमध्ये बसलोय. आणि हा पडदे निवडतोय. निळ्यावर पांढरी फुलं!"

"निळं चांगलं दिसेल," वहिनींच्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे... उन्हाला."

साहेबांनी खिन्नपणे मान हलवली. आणि अशा खिन्न अवस्थेत त्यांची नजर कोपऱ्यातल्या लाल फितीकडे गेली. माणूस किती दुःखात आहे ते त्याच्या नजरेवरून कळतं असं म्हणतात. साहेबांची नजर अगदी सावरली.

"हे काय, कॉफीचं?"

"हो साहेब!" थोरले पुढे झाले. "तुमच्यासाठीच. रिबीन, गाडीत ठेवून ये."

"कशाला, कशाला?" साहेब म्हणाले आणि पाय जरा बाजूला घेतले, जायला वाट हवी म्हणून. "तसं मी वर लगेच जाईन असं नाही. आधी जरा विचार करेन."

रिबीनने यंत्र उचललं. वहिनींनी डोळे मिटले.

"साहेब," दारातून आवाज आला, "एक विचारू?"

थोरल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी दाराकडे बघितलं, किल्लीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. बायको कपातली साखर ढवळण्यात गर्क होती. त्या कपात साखर नव्हती.

"ताई, नंतर."

"नाही, साहेब एवढे लांबून आले. तक्रार नीट समजून घ्यायला नको?" आत्या येऊन साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. "साहेब, तुमची पेटी कोणी उघडली?"

"माझी? माझी कोणी नाही."

"तुमचं काही गेलं?"

"नाही. पण प्रश्न तत्त्वाचा आहे."

"अगदी. हिशेबनिसाने कोणाची उघडली?"

"त्याने कुठे? तो आपलीच चॉकलेटं मोजत बसतो."

"मॅडमनी?"

"त्यांना काही माहीतच नाही."

"उपसाहेबांनी?"

"त्याला समजलं असतं तर पडद्याचं कापड तिथे ठेवलं असतं का?"

"म्हणजे एवढ्या सगळ्यांजवळ सगळ्यांच्या पेट्या उघडणारी चावी होती," आत्या म्हणाल्या, "आणि कोणाला पत्ता नाही."

भिंतीला टेकलेला कानस सरळ झाला. त्याचे रिकामे हात आपोआप कमरेवर गेले.

साहेबांनी बिस्कीट उचललं, पण तोंडाकडे नेलं नाही. "ती चाचणी होती," ते म्हणाले. "मालाची चाचणी."

"चाचणी क्वालिटीच्या मॅडम करतात ना?"

"मॅडम जेवायला गेल्या होत्या."

"आणि हिशेबनीस?"

"तोही जेवायला गेला होता."

"आणि उपसाहेब?"

साहेबांनी बिस्कीट बशीत परत ठेवलं. बाहेर गाडीच्या ड्रायव्हरने दार आपटलं. रिबीन यंत्र हातात घेऊन मधोमध उभा होता. पुढे जावं की मागे, हे त्याला शिकवलेलं नव्हतं. वहिनींनी त्याच्या हातातून ते अलगद काढून घेतलं, होतं तिथे ठेवलं आणि फीत सोडायला सुरुवात केली.

"असं आहे साहेब," आत्या अगदी मायेने म्हणाल्या, मागच्या वेळी पगाराचं विचारलं तेव्हाही त्यांचा आवाज अस्साच होता. "माझ्या भावाने सगळ्यांना एकसारखे दात दिले, ती चूक झाली, ती मी तुमच्यासमोर कबूल करते. नव्या पेट्या करून देऊ, तोच करेल, खालच्या बाकड्यावर. पण तुम्ही उद्या वर जाणार. वरची माणसं तुमच्याहून मोठी, त्यांना पहिला प्रश्न हाच पडेल. इथे सांगून ठेवा, म्हणजे तिथे अडखळणार नाही. जेवायच्या सुट्टीत ऑफिस रिकामं असताना तुम्ही दुसऱ्याच्या पेटीला चावी लावलीत कशाला?"

साहेबांनी थोरल्यांकडे बघितलं. घरातलं एवढं एक माणूस आपल्या बाजूचं आहे याची त्यांना खात्री होती.

थोरले उभेच होते. त्यांनी साहेबांकडे बघितलं, पेटीच्या पिशवीकडे बघितलं, मग धाकट्या भावाच्या कमरेवरच्या हातांकडे. नखांत पितळेचा भुगा होता. वाकड्या पितळेचा. मग ते इतक्या वर्षांत पहिल्यांदाच साहेबांसमोर, न विचारता, खुर्ची ओढून बसले.

"हो साहेब," ते म्हणाले. "सांगा. कशाला लावलीत?"